मोकळ्या तासांची दोन वर्षे

इंग्लंडमधल्या मराठी घरात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेचे वेळापत्रक येते आणि आईबाबा बुचकळ्यात पडतात. मुलगी नुकतीच इयर ट्वेल्व्हला गेलेली असते. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचे नऊ-दहा विषय संपलेले, आता उरले तीन. आठवड्याच्या पंचवीसेक तासांपैकी पंधराच्या आसपास भरलेले आणि बाकीचे चौकोन कोरे. ‘या वेळात काय असतं?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘काही नाही, फ्री आहे.’ ज्यांची स्वतःची बारावी सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रविवारी टेस्ट सिरीज अशी गेली, त्यांना पहिला संशय येतो तो शाळेचाच. पैसे नाहीत म्हणून शिक्षक कमी केले असणार! संशय अगदी निराधार नाही. त्याकडे पुढे येईन.

हे पुस्तक त्या कोऱ्या चौकोनांबद्दल आहे असे मी म्हटले तर लेखिकेला ते पटेल की नाही, शंका आहे. त्यांनी प्रकरणे व्यवहाराला धरून पाडली आहेत: विषय कसे निवडावेत, परीक्षा कशा असतात, विद्यापीठाचा अर्ज केव्हा भरावा, पैसे किती लागतात. सिक्स्थ फॉर्ममध्ये बरीच वर्षे शिकवलेल्या माणसाचा तो हिशेबीपणा आहे आणि तो वाचकाच्या फायद्याचाच आहे. पण माझी दोन्ही मुले या वाटेने गेली आणि मला त्या दोन वर्षांचे मर्म सापडले ते तीन विषयांत नव्हे, मधल्या मोकळ्या तासांत. इंग्रजांची ही व्यवस्था सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती वेळ देते आणि तो त्याचे काय करतो ते पाहत बाजूला उभी राहते. ही उदारता आहे आणि थोडा निर्दयपणाही आहे.

आधी ओळख करून देतो. सिक्स्थ फॉर्म म्हणजे सहावी इयत्ता नव्हे. जुन्या इंग्रजी माध्यमिक शाळेत वयाच्या अकराव्या वर्षापासून पहिला ते पाचवा फॉर्म आणि त्यावर सहावा, तो दोन वर्षांचा, म्हणून लोअर सिक्स्थ आणि अपर सिक्स्थ. आज या वर्षांना इयर ट्वेल्व्ह आणि इयर थर्टीन म्हणतात. वय सोळा ते अठरा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्याच जागी. स्कॉटलंडचा कारभार निराळा, तिथे हायर्स नावाची परीक्षा असते; हे पुस्तक इंग्लंडपुरते आहे.

शाळेतला हा सर्वांत वरचा वर्ग एकोणिसाव्या शतकात विशेष महत्त्वाला चढला. टॉमस आर्नोल्ड १८२८ ते १८४२ या काळात रग्बी शाळेचे हेडमास्तर होते. शाळेची शिस्त त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या खांद्यावर टाकली. मुलाला मोठ्या माणसासारखे वागवले की तो तसा वागू लागतो, असा त्यामागचा विश्वास. त्या अधिकाराचा गैरवापर झाला नाही असे कोणी म्हणणार नाही, पण विश्वास मात्र टिकला. आजही सिक्स्थ फॉर्मच्या मुलांना बहुतेक ठिकाणी गणवेश नसतो, किंवा ऑफिसात जावे तसे कपडे चालतात. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, स्वतःची कॉमन रूम, तिथे चहाची किटली, जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर जायची परवानगी. काही शाळांत फ्री पिरियड दिवसाच्या शेवटी आला तर घरी जाता येते. खालच्या वर्गातल्या मुलांना हेवा वाटतो तो या सगळ्याचा, ए-लेव्हलचा नव्हे.

ए-लेव्हल ही सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी द्यायची परीक्षा १९५१ साली आली. त्याआधी १९१८पासून हायर स्कूल सर्टिफिकेट होते, त्यात ठरावीक विषयगट घेऊन सगळे मिळून उत्तीर्ण व्हावे लागे. नव्या परीक्षेत प्रत्येक विषय सुटा झाला. घ्या तेवढे, द्या तेवढे. तेव्हापासून हळूहळू तीन विषयांची रीत रुळली आणि जगात फार थोड्या ठिकाणी आढळेल असे एक चित्र तयार झाले: सोळाव्या वर्षी गणित सोडता येते, भाषा सोडता येते, विज्ञान सोडता येते, इतिहास सोडता येतो. उरते ते खोलवर शिकायचे.

या पद्धतीचे सर्वांत ठाम समर्थन सापडते १९५९च्या क्राउथर अहवालात. इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाचे माजी संपादक सर जेफ्री क्राउथर यांच्या समितीने पंधरा ते अठरा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार केला होता. चांगल्या सिक्स्थ फॉर्मच्या खुणा म्हणून त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: विद्यापीठाशी जवळीक, मोजक्या विषयांचा सखोल अभ्यास, स्वतंत्रपणे काम, शिक्षकाचे वैचारिक शिष्यत्व आणि शाळेप्रती जबाबदारी. यातल्या शिष्यत्वाकडे आपल्या वाचकाने थोडे थांबून पाहावे. एका वर्गात दहा-पंधरा मुले, कधी पाच-सहाच. रसायनशास्त्राच्या बाईंना ठाऊक असते की हा मुलगा सूत्रे पाठ करतो पण प्रयोगात गडबडतो. त्या मुलालाही ठाऊक असते की बाईंना हे ठाऊक आहे. ऐंशी-शंभर मुलांच्या तुकडीत बसलेल्या आपल्या पिढीला असे ओळखले जाण्याची सवय नव्हती. पुढे याच बाई विद्यापीठासाठी त्याचे शिफारसपत्र लिहितात, तेव्हा ही जवळीक कामी येते. नाते बिघडले असेल तर तेही कळते, ते वेगळे!

विरोधकही कमी नव्हते. १९८८ साली हिगिन्सन समितीने तीनऐवजी पाच आटोपशीर विषय सुचवले. थॅचर सरकारने नकार दिला. २००४ साली टॉमलिन्सन समितीने ए-लेव्हल आणि व्यावसायिक शिक्षण एकाच पदविकेत सामावून घ्यायचे सुचवले. पुढच्याच वर्षी ब्लेअर सरकारने ते बाजूला ठेवले. २०२३ साली ऋषी सुनक यांनी अधिक विषयांचे ॲडव्हान्स्ड ब्रिटिश स्टँडर्ड जाहीर केले. वर्षभरात सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते रद्द केले. पक्ष कोणताही असो, ए-लेव्हलला हात लावायची वेळ आली की सगळे कचरतात. मला विचाराल तर तीन विषय फार थोडे आहेत. सोळाव्या वर्षी माणसाला आपण कशात रमतो हे कळत असेलही, कशाची गरज पडेल हे कळत नाही.

तरी एका बाबतीत ही पद्धत आपल्यापेक्षा मोकळी आहे. आपल्याकडे दहावीनंतर ‘लाइन’ घ्यावी लागते: सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. सायन्सवाल्याला इतिहास मिळायचा नाही. इथे शाखाच नाहीत. गणित, भौतिकशास्त्र आणि संगीत अशी जुळणी करणारी मुले मी पाहिली आहेत. जीवशास्त्र, फ्रेंच आणि भूगोलही. अडचण असलीच तर वेळापत्रकाच्या रकान्यांची, म्हणजे दोन विषय एकाच वेळी येत असतील तर एक सोडायचा.

या मोकळेपणात खड्डे आहेत, आणि विषयनिवडीचे प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठे आहे ते त्यामुळेच. वैद्यकीय शिक्षणासाठी रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणी हवेच, जीवशास्त्रही जवळजवळ हवेच. अभियांत्रिकीला गणित आणि भौतिकशास्त्र. केंब्रिज किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला अर्थशास्त्र शिकायचे तर ए-लेव्हलला अर्थशास्त्र नसले तरी चालते, गणित नसले तर चालत नाही. हे ऐकून कित्येक पालक थक्क होतात. गणितात पुढे जायचे असेल त्याने फर्दर मॅथ्स घ्यावे, पण लहान शाळांत ते मिळेलच असे नाही. गणित आज इंग्लंडमधला सर्वांत लोकप्रिय विषय आहे, दर वर्षी लाखाहून अधिक प्रवेशिका येतात, आणि मराठी घरांत तर तो गृहीतच धरलेला असतो. लेखिका म्हणतात, जीसीएसईला नऊपैकी सात गुणांकन मिळाले म्हणून ए-लेव्हलचे गणित झेपेलच असे समजू नका. मी याला दुजोरा देतो. ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत त्या वर्गातली काही मुले विषय बदलायच्या रांगेत असतात.

आता मोकळ्या तासांकडे येतो. शाळा गृहीत धरते की वर्गात जितका वेळ जातो जवळजवळ तितकाच मूल स्वतः अभ्यास करील. ग्रंथालय उघडे असते. इतिहासाच्या वर्गात दहा पानांचा लेख वाचायला देतात आणि पुढच्या तासाला विचारतात: लेखकाचे म्हणणे पटले का? पाठ्यपुस्तकात उत्तर नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बहुतेक मुले हा वेळ कॉमन रूममध्ये घालवतात, त्यात मला काही वावगे वाटत नाही. गप्पा मारणे हे त्या वयाचे कामच आहे. नोव्हेंबरमध्ये पहिली चाचणी होते, कोणाला डी मिळतो, आणि मग ग्रंथालयातल्या खुर्च्या भरू लागतात. कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःला चटका बसला म्हणून.

या वेळेचा सर्वांत चांगला उपयोग मी पाहिला तो एक्स्टेंडेड प्रोजेक्टमध्ये. मुलाने स्वतः विषय निवडायचा, वर्षभर वाचायचे, साधारण ५,००० शब्दांचा प्रबंध लिहायचा किंवा काही बनवून दाखवायचे, कामाची रोजनिशी ठेवायची आणि शेवटी लोकांसमोर मांडायचे. त्याचे मोल अर्ध्या ए-लेव्हलइतके. पण गुण मिळतात ते विषय कोणता निवडला याला कमी आणि मधे कुठे अडलो, दिशा का बदलली हे नोंदवण्याला जास्त. आपल्या शिक्षणात अडणे लपवायचे असते. इथे ते लिहून काढायला सांगतात.

मराठी पालकांचा या कोऱ्या चौकोनांवरचा ठरलेला उपाय म्हणजे शिकवणी. सोमवारी गणित, बुधवारी रसायन, शनिवारी वैद्यकीय प्रवेशाच्या यूकॅटची तयारी. मी त्याला सरसकट नावे ठेवणार नाही. एखाद्या विषयात पाय घसरत असेल तर आधार लागतोच. पण सगळे तास भरून टाकले की जे शिकायला मूल तिथे गेले तेच हातातून जाते. अशा भरगच्च वेळापत्रकातून बाहेर पडलेली मुले विद्यापीठात गेल्यावर पहिल्या सत्रात हबकतात, कारण तिथे तर आठवड्याला दहा-बारा तासच व्याख्याने असू शकतात.

आता तो निर्दयपणा. मोकळा वेळ सगळ्यांना सारखा मिळतो असे दिसते, तसे ते नाही. ज्या घरात स्वतंत्र खोली आहे, आईबाबांपैकी कोणी विद्यापीठात गेलेले आहे, तिथल्या मुलाचा फ्री पिरियड वाचनात जातो. ज्याला धाकट्या भावंडांना शाळेतून आणायचे आहे किंवा सुपरमार्केटमध्ये पाळी करायची आहे, त्याचा त्यातच संपतो. गरीब घरांतल्या मुलांना शाळेत टिकवण्यासाठी २००४ साली देशभर आठवड्याला ३० पौंडांपर्यंतचा भत्ता सुरू झाला होता. २०११ साली इंग्लंडमध्ये तो बंद झाला आणि त्याजागी त्याहून तुटपुंजी मदत आली. याच सुमारास शाळांचाही हात आखडला. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यामागे मिळणारा मूळ दर २०१३ ते २०१९ या काळात ४,००० पौंडांवर गोठलेला होता. महागाई वाढत गेली, दर तिथेच. जर्मन, संगीत असे कमी मुलांचे विषय अनेक शाळांनी याच काळात सोडून दिले. वर पालकांच्या संशयाबद्दल म्हणालो, तो इथे खरा ठरतो: काही कोरे चौकोन शिक्षणविचारातून आलेले आहेत, काही तिजोरीतून. दोन्ही वेळापत्रकात सारखेच दिसतात.

उलट उदाहरणही द्यायला हवे. पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागातल्या ब्रॅम्प्टन मॅनर या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेने २०१२ साली सिक्स्थ फॉर्म सुरू केला. २०२१ साली तिथल्या ५५ मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्रस्ताव मिळाले. त्याच वर्षी ईटन या नामांकित खासगी शाळेच्या मुलांना ४८. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. तिथे प्रवेशासाठी जीसीएसईचे उत्तम निकाल लागतात आणि लांबलांबून मुले येतात, हे बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात असायचे. तरीही, कोऱ्या चौकोनांत काय करायचे हे घरातून कळत नसेल तर शाळा शिकवू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

परीक्षांचे स्वरूप २०१५पासून बदलले, त्यामुळे आधीच्या पिढीतल्या चुलत भावंडांचा सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही. पूर्वी अभ्यासक्रम तुकड्यांत असे, जानेवारीत पेपर पुन्हा देता येत. आता दोन वर्षांचे सगळे शेवटच्या मे-जूनमध्ये. पण विद्यापीठाचा अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातो: ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत, बाकीच्यांसाठी जानेवारीत. पाच पर्याय देता येतात, त्यातले वैद्यकीय चारच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्ही नाहीत. म्हणजे निकाल नसताना प्रवेश ठरतो, तो शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींवर. इयर ट्वेल्व्हच्या उन्हाळ्यातली शाळेची अंतर्गत परीक्षा म्हणूनच जपायची. आपल्याकडे ‘बोर्डाचे मार्क खरे, कॉलेजची परीक्षा कोण विचारतो’ ही वृत्ती मुरलेली आहे; इथे ती महागात पडते.

अंदाजांवर चालणाऱ्या या यंत्राचे काय होऊ शकते ते २०२० साली दिसले. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी श्रेणी कळवल्या आणि नियामक संस्थेच्या संगणकीय सूत्राने शाळेच्या मागच्या निकालांकडे पाहून त्या बदलल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी कळवलेल्यापेक्षा खाली आल्या होत्या. अगदी लहान वर्गांना सूत्र लावता येत नव्हते, तिथे शिक्षकांचा शब्द राहिला, आणि लहान वर्ग खासगी शाळांत जास्त. मुले लंडनच्या रस्त्यावर उतरली. चार दिवसांनी सरकारने माघार घेतली. आर्नोल्डच्या काळापासून सांगत आलेली गोष्ट, की प्रत्येक मूल शिक्षकाला ओळखीचे असते, ती त्या सूत्राने चार दिवसांपुरती पुसून टाकली होती.

भाषेविषयी एक खंत आहे. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांत पंजाबी, बंगाली, उर्दू, गुजराती यांची ए-लेव्हल आहे. मराठीची नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, गणेशोत्सव जोरात होतात, दिवाळी अंकही वाचले जातात. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला तिचा उपयोग प्रमाणपत्रावर दाखवता येत नाही. संख्या कमी पडते हे कारण खरे आहे. मागणी कधी जोराने झाली नाही हेही खरे आहे.

महाराष्ट्राशी एक धागा मात्र पक्का आहे. १९६२ साली वेल्समधल्या सेंट डोनट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले, देशोदेशीच्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी. त्याच कुळातली शाखा १९९७ साली पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आली, महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. तिथे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे सहा विषय असतात, तीन नव्हेत. ए-लेव्हलवर माझा जो आक्षेप आहे त्याचे उत्तर ज्याला प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्याने लंडनपेक्षा पौडचा रस्ता धरावा.

शेवटी पैसे. सरकारी सिक्स्थ फॉर्म विनाशुल्क आहे, कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही. त्यामुळे पालकांचा समज होतो की विद्यापीठातही आपण ‘इथले’. तसे होत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक शुल्क लागू व्हायला साधारणपणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा हक्क हातात हवा आणि त्याआधीची तीन वर्षे या देशात राहिलेले हवे. २०२५-२६साठी स्थानिक विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे, त्यासाठी सरकारी कर्जही मिळते. हक्क नसेल तर परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क भरायचे, अभियांत्रिकीला ते बऱ्याच ठिकाणी ३०,००० पौंडांच्या वर जाते, आणि सरकारी कर्ज नाही. तीन ए-स्टारचा अंदाज हाती असलेल्या मुलाच्या घरी हा नियम इयर थर्टीनच्या डिसेंबरात कळतो, असे मी एकाहून अधिक ओळखीच्या घरांत पाहिले आहे. लेखिकेने शुल्काचे प्रकरण सातवे ठेवले आहे. माझा आग्रह आहे की वाचकाने ते आधी वाचावे, व्हिसाची तारीख कॅलेंडरवर खुणावी आणि मग विषयनिवडीकडे वळावे.